घरचा संगणक आणि निवडीचा अधिकार



वसंतातील व्याख्यानमालेत इतिहासाचे पुष्प गुंफावयाचे म्हटले म्हणजे एखाद्या लढाईची, तहाची किंवा राजघराण्याची कथा ऐकावयास मिळेल, अशी श्रोत्यांची साहजिकच अपेक्षा असते. आज आम्ही जो विषय घेतला आहे तो ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. घरी खेळ खेळण्यासाठी, चित्रपट पाहण्यासाठी आणि गाणे ऐकण्यासाठी सुटे भाग निवडून जो संगणक आपण जुळवून घेतो, त्याचा इतिहास आम्ही सांगणार आहोत. पण श्रोत्यांनी निराश होऊ नये. या इतिहासातही लढाया आहेत, तह आहेत, आणि एका बलाढ्य सत्तेविरुद्ध नऊ जणांनी एकत्र येऊन केलेला उठावही आहे.

मुंबईला ग्रँट रोड स्टेशनावर उतरून लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, जे कोणी गेले असतील त्यांनी एक दृश्य हमखास पाहिले असेल. बापलेक हातात एक चिठ्ठी घेऊन दुकानादुकानांतून हिंडत असतात. चिठ्ठीवर मुलाने लिहिलेली यादी असते: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट. प्रत्येक वस्तू निराळ्या कंपनीची. बाप भाव विचारतो, मुलगा आकडे सांगतो, आणि दोघांचे मधूनमधून खटके उडतात. शेवटी सगळ्या वस्तू एका टेबलावर येतात, तासा-दोन तासांत जुळतात, आणि रात्री घरी यंत्र चालू होते.

या दृश्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, त्यात काही आश्चर्य आहे हेच आपण विसरलो आहो. एका कंपनीचे इंजिन, दुसरीची चाके आणि तिसरीचा सांगाडा आणून कोणी गृहस्थ रविवारी अंगणात मोटार जुळवीत नाही. फ्रिज कोणी घरी जुळवीत नाही, टेलिफोनही नाही. मग एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या सहा कारखान्यांतून निघालेले हे भाग संगणकातच असे बिनतक्रार का जुळतात? ही सोय कोणी दिली? का दिली? आणि जी दिली गेली ती काढून घेतली जाऊ शकते काय? आजच्या व्याख्यानाचा रोख या तीन प्रश्नांवर आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, भाग निवडण्याचा हा अधिकार कोणी उदार होऊन दिलेला नाही. तो काहीसा घाईतून, काहीसा अनुकरणातून आणि काहीसा भांडणातून निर्माण झाला. आणि ज्यांना त्याची किंमत कळते असे ग्राहक जोपर्यंत आहेत तोपर्यंतच तो टिकणार आहे.

आरंभी संगणक ही विकत घेण्याची वस्तूच नव्हती. १९६४ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ ही यंत्रमालिका जाहीर केली. तिची यंत्रे बँका, सरकारी खाती आणि मोठे कारखाने बहुधा भाड्याने घेत. यंत्र कंपनीचे, माणसे कंपनीची, दुरुस्तीही कंपनीची. घेणाऱ्याने दरमहा पैसे मोजावयाचे आणि आत काय आहे याची उठाठेव करावयाची नाही, असा एकंदर रिवाज होता.

या रिवाजाला पहिला धक्का बसला तो १९७५ च्या जानेवारीत. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘आल्टेअर ८८००’ नावाच्या पेटीचे चित्र आले. न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की गावच्या एका लहानशा कंपनीने ती तयार केली होती आणि तिची किंमत सुमारे ४०० डॉलर होती. ही किंमत सुट्या भागांची. ते सोल्डर करून जोडण्याचे काम घेणाऱ्याने स्वतः करावयाचे. पेटीला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. दर्शनी बाजूस खटके आणि बारीक दिवे एवढेच. स्मरणशक्ती २५६ बाइटांची, म्हणजे एका पोस्टकार्डावरच्या चार-पाच ओळी मावतील इतकी! व्यवहाराच्या दृष्टीने ही पेटी जवळजवळ निरुपयोगी होती. परंतु तिच्या आत एक गोष्ट अशी होती की जिने पुढचा सगळा इतिहास घडविला. आत १०० पिनांच्या खाचा एका ओळीत बसविण्याची योजना होती आणि त्या खाचांत वाटेल त्या कार्डाची भर घालता येत असे. कंपनीची स्वतःची स्मरणकार्डे नीट चालत नसत, तेव्हा दुसऱ्या लोकांनी त्याच मापाची चांगली कार्डे करून विकण्यास आरंभ केला. एकाने केलेल्या यंत्रात दुसऱ्याने केलेला भाग बसू लागला. या खाचेलाच आपण आज ‘स्लॉट’ म्हणतो. गृहसंगणकाच्या इतिहासात या स्लॉटचे महत्त्व फार मोठे आहे.

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये काही हौशी मंडळी जमली. ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची ती पहिली बैठक. त्या बैठकीस स्टीव्ह वॉझ्नियाक हा तरुण हजर होता. पुढे १९७७ साली त्याने ‘ॲपल-२’ हा संगणक तयार केला तेव्हा स्लॉट किती ठेवावेत यावर त्याचा आणि त्याचा भागीदार स्टीव्ह जॉब्स याचा वाद झाला. जॉब्सच्या मते दोन पुरे होते. वॉझ्नियाकला आठ हवे होते. वॉझ्नियाकने हट्ट धरला आणि यंत्रात आठ स्लॉट आले. सात वर्षांनी, १९८४ च्या जानेवारीत, जॉब्सच्या देखरेखीखालचा ‘मॅकिंटॉश’ बाजारात आला. त्यात एकही स्लॉट नव्हता, आणि पेटी साध्या पेचकसाने उघडतही नसे. एकाच कंपनीच्या या दोन यंत्रांत संगणकाविषयीचे दोन विचार समोरासमोर उभे आहेत. एक म्हणतो, ‘आम्ही केले ते तुम्ही पुरे करा.’ दुसरा म्हणतो, ‘आम्ही पुरे केले आहे, तुम्ही हात लावू नका.’ दुसऱ्या विचारातही तथ्य आहे. पुष्कळांना यंत्र वापरावयाचे असते, उघडावयाचे नसते. तथापि पुढची चाळीस वर्षे ही या दोन विचारांच्या झगड्याची वर्षे आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता मुख्य घटनेकडे वळू. छोट्या संगणकांचा धंदा आपल्या हातून निसटत आहे असे आयबीएमच्या लक्षात आले तेव्हा तिने फ्लोरिडातील बोका रॅटन येथे एक छोटी तुकडी बसविली आणि साधारण वर्षभरात यंत्र बाजारात आणण्याचे तिला फर्मान दिले. एरव्ही ही कंपनी आपल्या यंत्राचा बहुतेक भाग स्वतः करीत असे. पण वर्षभरात ते शक्य नव्हते. म्हणून तुकडीने बाजारात मिळतील ते भाग उचलले. प्रोसेसर इंटेलचा घेतला, ‘८०८८’ नावाचा. यंत्र चालविणारी मूळ प्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घेतली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी ‘आयबीएम पीसी’ जाहीर झाला. त्यात पाच स्लॉट होते. सर्वांत स्वस्त नमुना १,५६५ डॉलरचा असून त्यात १६ किलोबाइट स्मरणशक्ती होती. इतरांनी या यंत्रासाठी कार्डे आणि प्रोग्राम करावेत म्हणून कंपनीने त्याच्या जोडणीचे आराखडे एका पुस्तकात छापून विकले. घाईत घेतलेल्या या निर्णयाचे परिणाम किती दूरवर जाणार आहेत, याची कंपनीला तेव्हा पुरती कल्पना नसावी.

भाग सर्वांना मिळत होते, आराखडा छापलेला होता. मग कोणीही तसेच यंत्र करावे, त्यात अडचण कोणती? अडचण एकच होती, ती ‘बायोस’ची. यंत्र चालू होताच त्याच्या अवयवांना जागे करणारी आणि प्रोग्राम व यंत्र यांच्यात दुभाष्याचे काम करणारी ही एक छोटी आज्ञावली असते. आयबीएमने तीही पुस्तकात छापली होती. यात मोठा उदारपणा दिसतो. पण मेख अशी की, छापलेल्या मजकुरावर लेखनाधिकार आयबीएमचा होता. ज्याने तो वाचला त्याने पुढे लिहिलेली आज्ञावली ही नक्कलच ठरण्याचा धोका होता.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स सोडून बाहेर पडलेल्या तिघा जणांनी १९८२ साली ह्यूस्टन येथे कॉम्पॅक ही कंपनी काढली आणि या मेखेवर तोड काढली. त्यांनी माणसांचे दोन गट केले. एका गटाने बायोस काय काय काम करते एवढेच टिपून ठेवले. दुसऱ्या गटात मूळ मजकूर ज्यांनी कधी पाहिला नाही अशीच माणसे घेतली आणि ते टिपण हाती देऊन त्यांच्याकडून नवी आज्ञावली लिहवून घेतली. काम तेच, शब्द निराळे. लेखनाधिकार शब्दांवर असतो, कामावर नसतो. त्यामुळे कायदा मोडला नाही. १९८२ च्या नोव्हेंबरात जाहीर झालेला कॉम्पॅकचा संगणक ‘हातातून नेण्याजोगा’ म्हणून विकला गेला. त्याचे वजन सुमारे साडेबारा किलो होते! तरी लोकांनी तो घेतला, कारण आयबीएमसाठी लिहिलेले प्रोग्राम त्यावर चालत. १९८४ साली फीनिक्स या कंपनीने याच रीतीने बायोस तयार करून जो मागेल त्याला विकण्यास काढले. मग तैवानपासून टेक्सासपर्यंत ज्याला टेबल आणि पेचकस मिळाला तो संगणक जुळवू लागला. आपल्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानाची कुळकथा येथून सुरू होते.

आयबीएमला हे रुचणे शक्य नव्हते. २ एप्रिल १९८७ रोजी तिने ‘पीएस/२’ ही नवी मालिका काढली. तिच्यातील स्लॉट ‘मायक्रो चॅनेल’ या नव्या पद्धतीचा होता. न्यायाने सांगावयाचे तर ही पद्धत जुनीपेक्षा चांगली होती. परंतु जुनी कार्डे तिच्यात बसत नसत, आणि दुसऱ्या कोणास ती वापरावयाची तर आयबीएमचा परवाना घेऊन तिला मोबदला द्यावा लागे. उघडा असलेला दरवाजा लावून घेऊन त्याच्यापाशी जकातनाका बसवावा, तसा हा प्रकार झाला.

यावर १९८८ च्या सप्टेंबरात कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्या एकत्र आल्या: एएसटी, कॉम्पॅक, एप्सन, ह्यूलेट-पॅकार्ड, एनईसी, ऑलिव्हेट्टी, टँडी, वाइझ आणि झेनिथ. बाजारात या एकमेकींच्या वैरिणी. पण त्यांनी मिळून ‘ईसा’ नावाचा आपला स्लॉट जाहीर केला आणि जुनी कार्डेही त्यात बसतील अशी तजवीज ठेवली. खुद्द ईसा घरोघरी पोचला नाही. तो महाग होता. पण ज्याने पीसीला जन्म दिला त्याच्याही हाती आता पीसीचे माप राहिले नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पुढे १९९२ साली इंटेलने ‘पीसीआय’ स्लॉट आणला आणि तो सर्वमान्य झाला. १९९५ साली त्याच कंपनीने ‘एटीएक्स’ हे माप ठरविले. मदरबोर्ड केवढा असावा, त्याला स्क्रूची भोके कोठे असावीत, वीज कोणत्या जोडातून यावी, हे त्यात ठरलेले आहे. आज आपण कोणाचाही मदरबोर्ड कोणाच्याही कॅबिनेटमध्ये बसवितो तो या मापाच्या आधारावर. गावच्या सुताराने केलेला जू शेजारच्या गावच्या गाडीला बसतो, कारण माप दोघांचे एक असते. त्यातलीच ही गोष्ट.

येथपर्यंत आम्ही पेटीचा इतिहास सांगितला. पण पेटी कचेरीच्या कामासाठी केलेली होती. तिच्यात खेळ आणि करमणूक शिरली ती स्लॉटच्या वाटेने. आयबीएमचा मूळ पीसी ‘टुक्’ करण्यापलीकडे आवाज काढू शकत नसे. कॅनडातील क्वेबेक येथील ॲडलिब कंपनीने १९८७ साली संगीताचे कार्ड काढले. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी या कंपनीने ‘साउंड ब्लास्टर’ आणले. त्यात संगीताबरोबर मनुष्याचा आवाजही निघे, आणि खेळाची दांडी जोडण्याचा जोडही त्यावरच असल्यामुळे एक स्लॉट वाचे. गृहस्थाने भाग निवडताना जो हिशेब करावा तो येथे कारखानदारानेच त्याच्यासाठी करून ठेवला होता.

१० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ हा खेळ प्रसिद्ध झाला आणि तो नीट चालावा म्हणून हजारो लोकांनी नवे प्रोसेसर घेतले. १९९६ साली थ्रीडीएफएक्स या कंपनीने ‘व्हूडू’ नावाचे कार्ड आणले. ते केवळ त्रिमितीय चित्रे काढण्यासाठी असल्यामुळे रोजच्या कामाचे कार्ड वेगळे ठेवावे लागे आणि दोन्हींमध्ये एक तार जोडावी लागे. तरी ते कार्ड लावल्यावर खेळातील भिंती, पाणी आणि सावल्या अशा काही दिसू लागल्या की, पाहणारे थक्क झाले. या कंपनीची पुढची हकिगत बोधप्रद आहे. आरंभी ती चिप करून अनेक कारखान्यांना विकी आणि ते कार्डे बनवीत. १९९८ च्या डिसेंबरात तिने कार्डांचा एक कारखाना विकत घेण्याचे ठरविले आणि पुढे कार्डे आपणच करावयाची, दुसऱ्यास चिप द्यावयाची नाही, असे धोरण धरले. दुरावलेले कारखानदार एनव्हिडियासारख्या तिच्या प्रतिस्पर्ध्यांकडे गेले. तिच्या ऱ्हासाला इतरही कारणे होती, नव्या चिपा उशिरा येत होत्या. पण दोनच वर्षांनी, २००० च्या डिसेंबरात, तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेण्याचे ठरले. ज्या उघडेपणावर आपण वाढलो तोच बंद करावयास निघालेल्यांची गत आयबीएमनंतर पुन्हा एकदा दिसली.

चित्रपटांची कथाही अशीच. व्हिडिओ सीडी नीट दिसावी म्हणून एके काळी पीसीत निराळे कार्ड घालावे लागे. प्रोसेसर वेगवान झाल्यावर त्याची गरज उरली नाही. २००१ साली तैवानच्या व्हिया कंपनीने १७ सेंटिमीटर चौरस एवढाच मदरबोर्ड काढला, त्याला ‘मिनी-आयटीएक्स’ म्हणतात. त्यामुळे दिवाणखान्यात टीव्हीशेजारी शोभेल एवढा संगणक जुळविता येऊ लागला. २००२ साली मायक्रोसॉफ्टने टीव्हीसाठी विंडोजची खास आवृत्ती काढली. त्याच सुमारास हौशी लोकांनी मिळून एक मोफत माध्यमप्रणाली लिहिण्यास घेतली. ती आज ‘कोडी’ या नावाने ओळखली जाते.

आपल्या देशात हा प्रवाह कसा आला, हेही थोडक्यात पाहिले पाहिजे. परकीय चलनाच्या कायद्यान्वये भांडवलातील आपला वाटा कमी करण्यास आयबीएम तयार झाली नाही आणि १९७८ साली ती भारतातून निघून गेली. १९८४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने संगणकविषयक नवे धोरण जाहीर करून आयातीची बंधने सैल केली. १९९७ साली भारताने माहिती-तंत्रज्ञानाच्या मालावरील जकात टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. नोकरदाराच्या घरी ‘असेम्बल्ड’ संगणक येऊ लागला तो या पायऱ्यांनी.

मराठी माणसाने विसरू नये अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १९८८ साली पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. आयआयटी कानपूर येथे ज्याचे मूळ काम झाले होते ते ‘जिस्ट कार्ड’ या संस्थेने पुढे आणले. हे कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसविले म्हणजे केवळ इंग्रजी जाणणाऱ्या त्या यंत्राच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. अमेरिकेतील कोणा कारखानदाराने मराठीचा विचार करून यंत्र केलेले नव्हते. त्याने एक खाच मोकळी सोडली होती, एवढेच. आणि आपल्या लोकांनी त्या खाचेतून आपली लिपी आत नेली. मॅकिंटॉशच्या पहिल्या पेटीत हे कार्ड बसविण्यास जागाच नव्हती.

आता श्रोते विचारतील की, हा सगळा इतिहास ऐकून चिठ्ठी कशी लिहावी ते कळते काय? आमच्या मते कळते. भाग निवडण्याचा अधिकार मिळाला तसा चूक करण्याचाही मिळाला आहे, आणि त्या चुकांपासून वाचविणारे काही नियम या इतिहासातच आहेत.

पहिला नियम असा की, आधी पडदा ठरवावा, मग यंत्र. साध्या एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. ‘फोर-के’ पडद्यावर ८२ लाख ९४ हजार ४००, म्हणजे बरोबर चौपट. खेळात हे ठिपके सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावयाचे, तेव्हा ग्राफिक्स कार्डाचा भार किती वाढतो ते सांगावयास नकोच. उलट, चित्रपट आधीच रंगविलेला असतो; तो केवळ उलगडावयाचा. हे काम आजच्या पुष्कळशा प्रोसेसरांत असलेला चित्रविभागच सहज करतो. म्हणून ज्या घरी केवळ चित्रपट आणि गाणी, तेथे महागडे कार्ड घेणे म्हणजे पिठाच्या गिरणीला आगगाडीचे इंजिन लावणे होय. तेथे पैसे शांत पंख्यावर आणि मोठ्या हार्ड डिस्कवर घालावेत. खेळाला ताकद हवी, आणि ताकदीबरोबर उष्णता व पंख्याचा आवाज येतो. संगीताला शांतता हवी. एकाच पेटीत दोन्ही पाहिजे असतील तर कॅबिनेट ऐसपैस आणि पंखे मोठे पण संथ फिरणारे निवडावेत.

दुसरा नियम समतोलाचा. उत्तम ग्राफिक्स कार्डाशेजारी दुबळा प्रोसेसर ठेवला तर कार्ड रिकामे बसते. रॅमची एकच पट्टी घेण्याऐवजी तेवढ्याच क्षमतेच्या दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. प्रणाली आणि खेळ एसएसडीवर ठेवावेत. जुने चित्रपट आणि छायाचित्रे स्वस्त हार्ड डिस्कवर राहिली तरी चालते.

तिसरा नियम एसएमपीएसचा, आणि तो आम्ही ठेच लागून शिकलो आहो. १९९९ साली आमच्या घरी पहिला असेम्बल्ड संगणक आला. सगळी चौकशी आम्ही प्रोसेसरची केली. एसएमपीएस मात्र दुकानदाराने कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ दिला आणि आम्ही खुशीत घेतला. त्या मे महिन्यात विजेचा दाब वरखाली झाला, एसएमपीएस जळाला आणि जाताना मदरबोर्ड व हार्ड डिस्क घेऊन गेला. हार्ड डिस्कवर आमच्या वडिलांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या घरच्या आठवणी होत्या. त्या पुन्हा मिळाल्या नाहीत. वडीलही त्याच वर्षी गेले. दुकानाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. चूक आमचीही होती. ज्या भागाकडे कोणी पाहत नाही त्याच्यावरच इतर सर्व भागांचा जीव अवलंबून असतो, हे आम्हास तेव्हा कळले. तेव्हा लागणाऱ्या वॅटांची बेरीज करावी. समजा, कार्डाला २०० वॅट, प्रोसेसरला १०० आणि बाकी भागांना ७५ लागतात, तर ५५० वॅटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस घ्यावा. त्यावरची ‘८० प्लस’ ही खूण विजेचा अपव्यय कमी होतो एवढेच सांगते. बांधणी चांगली आहे की नाही हे निराळे पाहावे लागते. यूपीएस घ्यावा, आणि महत्त्वाच्या गोष्टींची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी.

चौथा नियम पुढच्याची सोय पाहण्याचा. ज्या मदरबोर्डवर दोन वर्षांनी नवा प्रोसेसर बसेल, रॅमची एखादी जागा रिकामी राहील, तो शंभर-दोनशे रुपये महाग असला तरी घ्यावा.

यावर कोणी म्हणेल की, खेळासाठी एवढी यातायात कशाला? प्लेस्टेशनसारखी तयार पेटी आणावी आणि टीव्हीला जोडावी. हा आक्षेप खरा आहे. ज्याला केवळ खेळावयाचे आहे त्याला ती पेटी पुष्कळदा स्वस्त पडते, आणि ती घेण्यात काही कमीपणा नाही. मात्र तिच्यात कोणते खेळ चालावेत हे कंपनी ठरविते. ती बिघडली तर आतला भाग बदलणे बहुधा आपल्या हाती नसते, आणि मुलाला त्याच यंत्रावर हिशेब, चित्रकला किंवा प्रोग्राम लिहिणे शिकावयाचे असेल तर दुसरे यंत्र घ्यावे लागते.

आणि खुद्द पीसीतही दरवाजे हळूहळू लागत आहेत. पुष्कळ लॅपटॉपांत रॅम आता मदरबोर्डवर पक्की सोल्डर केलेली असते. २०२१ साली इंटेलने आपल्या नव्या डेस्कटॉप प्रोसेसरांतून एक सुरक्षा-सोय काढून टाकली. ‘फोर-के’ ब्लू-रे तबकडी पीसीवर अधिकृतपणे पाहण्यास ती आवश्यक होती. ज्यांनी मोठ्या हौसेने ड्राइव्ह आणि तबकड्या घेतल्या होत्या त्यांना नवा प्रोसेसर घेताच त्या पाहता येईनात. भाग सर्व उत्तम असूनही कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती! २०२० आणि २०२१ या वर्षांत आभासी चलने ‘खणणाऱ्यांनी’ ग्राफिक्स कार्डे उचलल्यामुळे ती घरच्या गिऱ्हाइकाला दुर्मिळ झाली. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी रॅमची मागणी इतकी वाढविली की, मायक्रॉन या कंपनीने डिसेंबरात आपला ‘क्रूशल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय आवरता घेण्याचे जाहीर केले. दुसरीकडे, ‘यंत्र घेऊच नका, दूरवरच्या आमच्या यंत्रावर दरमहा पैसे देऊन खेळा’ असे सांगणाऱ्या योजनाही निघाल्या आहेत. त्या सोयीच्या आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. पण दरमहा भाडे भरावयाचे आणि आत काय आहे ते विचारावयाचे नाही, हा रिवाज आपण या व्याख्यानाच्या आरंभी १९६४ सालात पाहिला होता.

श्रोतेहो, आमचे सांगणे संपत आले. आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी या सुट्टीत भागांची चिठ्ठी घेऊन आपल्यापुढे उभी राहिली तर तिला ‘खेळण्यात पैसे घालवतेस’ म्हणून वाटेला लावू नका. तिच्याजवळ बसा. प्रत्येक भाग कशासाठी, तो दुसऱ्याशी कसा जुळतो, दोन वर्षांनी तो बदलता येईल काय, हे तिला विचारा. एसएमपीएसची चौकशी तर अवश्य करा. जुळणीच्या दिवशी पेचकस तिच्या हातात द्या आणि आपण बाजूला उभे राहून स्क्रू धरा. नऊ कंपन्यांनी भांडून जो दरवाजा उघडा ठेवला तो पुढे उघडा राहावयाचा असेल, तर त्यातून ये-जा करणारी माणसे घरोघरी असली पाहिजेत.